विश्लेषण : फोनमधल्या जोकरचा चेहरा आला कुठून? एका पेनीच्या चित्रांनी जगभर पोहोचवलेल्या माणसाची गोष्ट

ग्रुपवर कोणाची फजिती झाली की पांढऱ्या तोंडाचा, रंगीत केसांचा जोकर इमोजी हमखास येऊन पडतो. युनिकोडच्या यादीत तो २०१६ मध्ये आला. पण त्या चेहऱ्याचा मूळ नमुना दोनशे वर्षांहून जुना आहे. तो घडला लंडनच्या रंगभूमीवर आणि घडवणाऱ्याचे नाव जोसेफ ग्रिमाल्डी. तेव्हा फोटो नव्हते, चित्रपट नव्हते. मग एका नटाचा चेहरा इतका पसरला कसा? आणि त्या चेहऱ्यावर हक्क कोणाचा होता?

ग्रिमाल्डी कोण होता?

जन्म १७७८ चा, लंडनमधला. वडील इटालियन वंशाचे नर्तक. वयाची तीन वर्षे पूर्ण होण्याआधीच जोसेफ सॅडलर्स वेल्स नाट्यगृहाच्या रंगमंचावर उभा राहिला. नऊ वर्षांचा असताना वडील गेले आणि रंगमंचावरची कमाई ही घराची गरज झाली. तो काळ पँटोमाइमचा होता. म्हणजे नाच, गाणी, कसरती आणि हाणामारीची धमाल असलेले नाटक. १८०६ च्या डिसेंबरमध्ये कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘हार्लेक्विन अँड मदर गूज’ आले. त्याचे ९२ प्रयोग झाले आणि ग्रिमाल्डी लंडनचा लाडका झाला. आजही इंग्रजीत विदूषकाला ‘जोई’ म्हणतात, ते याच्याच नावावरून.

चेहरा असाच का रंगवला?

‘क्लाउन’ या शब्दाचा मूळ अर्थ गावंढळ, अडाणी माणूस. ग्रिमाल्डीच्या आधी रंगमंचावरचा क्लाउन असाच, उन्हाने लालबुंद झालेल्या चेहऱ्याचा खेडूत असे. पिएरो या दुसऱ्या पात्राचा चेहरा पांढरा असायचा, पण तो स्वभावाने शांत, उदास. १८०० मध्ये सॅडलर्स वेल्सच्या एका पँटोमाइमपासून क्लाउनचे कपडे भडक झाले आणि रंगभूषाही बदलली. ग्रिमाल्डीने चेहरा, मान पांढरी केली आणि गालांवर ठळक लाल त्रिकोण काढले.

यामागे साधा हिशेब दिसतो. लंडनच्या मोठ्या नाट्यगृहांत गॅसचे दिवे १८१७ मध्ये आले. तोवर सगळा खेळ मेणबत्त्या आणि तेलाच्या दिव्यांवर चाले. अशा मंद उजेडात मागच्या स्वस्त जागांवर बसलेल्यांना भुवईची हालचाल दिसायची, तर चेहऱ्यावर पांढरा आणि लाल असा थेट विरोध हवाच.

मग तो घराघरांत कसा पोहोचला?

छापील चित्रांमुळे. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचे, शाई भरायची, कागदावर दाबायचे. लंडनमधल्या दुकानांच्या खिडक्यांत अशी चित्रे लावलेली असत आणि विकत घेण्याची ऐपत नसलेलेही ती बघत उभे राहत. जॉर्ज क्रुकशँकसारख्या व्यंगचित्रकारांनी ग्रिमाल्डी पुन्हा पुन्हा काढला.

१८११ च्या सुमारास त्यात खेळण्यातल्या नाटकांची भर पडली. एका कागदावर नाटकातली सगळी पात्रे छापलेली. मुलांनी ती कापायची, पुठ्ठ्यावर चिकटवायची आणि घरातल्या छोट्या रंगमंचावर खेळ करायचा. साधा कागद एक पेनी, रंगवलेला दोन पेनी. रंग हाताने भरलेला.

ग्रिमाल्डीचा चेहरा या धंद्याला अगदी सोयीचा होता. पांढऱ्यासाठी कोरा कागद पुरे, गालांना लाल रंगाचे दोन फटकारे पुरे. चित्र बोटाएवढे असले, छपाई पुसट असली, तरी ओळख पटते. इमोजीचे डिझाइन नेमके याच नियमावर चालते.

चित्रावर हक्क कोणाचा?

इंग्लंडमध्ये १७३५ पासून छापील चित्रांसाठी कॉपीराइटचा कायदा होता. चित्रकार विल्यम हॉगार्थने त्यासाठी खटपट केली होती. पण या कायद्याचे संरक्षण मिळे ते चित्र रचणाऱ्याला आणि कोरणाऱ्याला. ज्याचा चेहरा चित्रात आहे त्याला त्यात जागाच नव्हती. ग्रिमाल्डीचा चेहरा कोणीही काढावा, कोणीही विकावा. आज एखाद्याचा फोटो मीम म्हणून फिरतो तेव्हा तो माणूस नेमका याच जागी उभा असतो.

चित्रामागच्या माणसाचे काय झाले?

उड्या, पडणे, मार खाणे यांनी ग्रिमाल्डीचे सांधे निकामी झाले. १८२३ मध्ये, पंचेचाळिशीच्या आतच त्याला नियमित काम सोडावे लागले. १८२८ च्या निरोपाच्या प्रयोगात उभे राहणे जमेना, म्हणून त्याने खुर्चीवर बसून गाणे म्हटले. १८३२ मध्ये मुलगाही गेला. तोही क्लाउनच होता. ३१ मे १८३७ रोजी ग्रिमाल्डी वारला. दोनच वर्षांनी, १८३९ मध्ये, छायाचित्रणाची पद्धत जगासमोर आली.

रंगाशिवायचा ग्रिमाल्डी आपल्याला पाहता येतो. जॉन कॉज या चित्रकाराने १८०७ मध्ये काढलेले त्याचे चित्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. पण तो चेहरा फारसा कोणी ओळखत नाही.

लाल नाक आणि आपली सर्कस

गोल लाल नाक ग्रिमाल्डीचे नाही. ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपीय सर्कशीत आलेल्या ‘ऑगस्ट’ या वेंधळ्या विदूषकासोबत रूढ झाले. इमोजीत या दोन्ही परंपरा एकत्र आल्या आहेत. भारतातही आधुनिक सर्कस युरोपीय नमुन्यावरच उभी राहिली. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये ग्रेट इंडियन सर्कस सुरू केली. गावच्या मैदानावरच्या तंबूत आपण पाहिलेला जोकर त्याच घराण्यातला.

विदूषकांनी यावर काय उपाय काढला?

१९४६ मध्ये स्टॅन बल्ट या विदूषकप्रेमी इंग्रजाने अंड्यांवर विदूषकांचे चेहरे रंगवायला सुरुवात केली. पुढे तीच विदूषकांची नोंदवही झाली. एक अंडे, एक चेहरा. दुसऱ्याच्या चेहऱ्याची नक्कल करायची नाही, हा अलिखित नियम. कायद्यात याला बळ नाही, पण या व्यवसायातले लोक तो पाळतात.

लंडनमधल्या ज्या दफनभूमीत ग्रिमाल्डी आहे, तिथल्या बागेला आज त्याचेच नाव आहे. दर फेब्रुवारीत लंडनच्या एका चर्चमध्ये विदूषक रंगभूषेसह जमतात आणि त्याच्यासाठी प्रार्थना करतात.

त्याची जुनी चित्रे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. पाहाल तेव्हा झूम करून तळाची ओळ वाचा. कायद्याच्या अटीमुळे तिथे प्रकाशकाचे नाव आणि तारीख छापलेली असते. हक्क कोणाचा होता, ते त्या ओळीतच लिहिलेले आहे.