नऊ वारांची किमया

वस्त्रांना पुष्कळदा गावांची नावे मिळतात. पैठणी पैठणची, इरकली इलकलची. पण महाराष्ट्राच्या एका वस्त्राचे नाव म्हणजे चक्क मोजमाप आहे: नऊवारी!

वार म्हणजे यार्ड, ३ फूट. १९५९ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार १ वार बरोबर ०.९१४४ मीटर. नवाने गुणा, उत्तर येते सुमारे ८.२३ मीटर. भारतात १९५६ च्या कायद्याने मेट्रिक पद्धत आली, तरी लुगड्याच्या नावातला वार तसाच राहिला. 'साडी' हा शब्द तर त्याहून कितीतरी जुना. संस्कृत 'शाटी' म्हणजे वस्त्राची पट्टी. 'वट'चा जसा 'वड' झाला, तसाच प्राकृतातून येताना इथेही 'ट'चा 'ड' झाला.

पण एवढे कापड लागते कशाला? सहावारी साडी दोन्ही पायांभोवती एकत्र गुंडाळतात, त्यामुळे लांब पाऊल टाकता येत नाही. नऊवारीचा काष्टा पायांमधून मागे नेऊन खोचतात, म्हणजे प्रत्येक पायाला वेगळे वेष्टन मिळते. चिखलात भाताची लावणी करणारी शेतकरीण आणि डोक्यावर मासळीची पाटी घेऊन झपाझप चालणारी कोळीण यांना हेच सोयीचे.

या वस्त्राला ना शिवण, ना बटण. मग ते दिवसभराच्या कष्टात सुटत कसे नाही? याचे उत्तर आहे घर्षण. एक प्रयोग करा. आडव्या, घट्ट धरलेल्या पेन्सिलीवरून दोरा सोडा. एका टोकाला कंपासपेटी बांधा, दुसऱ्याला खोडरबर. पेटी झटकन खाली जाईल. आता दोऱ्याचे पेन्सिलीभोवती एकेक वेढे वाढवत जा. थोड्याच वेढ्यांत एवढासा रबर जड पेटीला तोलून धरील!

घर्षणगुणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने सुमारे ६.६ पट ताण पेलता येतो, दोन वेढ्यांनी ४३ पट आणि तीन वेढ्यांनी २८५ पट. येथे बेरीज नाही, गुणाकार आहे. कमर काही पेन्सिलीइतकी टणक नसते, पण तत्त्व तेच. घट्ट वेढ्याने दाब वाढतो आणि दाबाने घर्षण. त्यामुळेच गाठ टिकते आणि खोचलेल्या निऱ्या जागच्या जागी राहतात. गुळगुळीत रेशमी साडी सुती साडीपेक्षा लवकर का निसटते, हे आता तुम्हीच सांगा.

न शिवलेल्या कापडाला माप नसते, म्हणून आजीचे लुगडे नातीलाही बसते. घरात एखादे असेल तर टेपने मोजून पाहा. नावातले नऊ वार खरोखर भरतात का?