मोबाईलवर वाढलेली पिढी आणि प्रशिक्षणवर्गातील धनादेश

परिविक्षाधीन अधिकारी म्हणून आज बँकेत रुजू होणाऱ्या तरुणाने यूपीआयद्वारे असंख्य वेळा पैसे पाठविलेले असतात; स्वतःच्या हाताने धनादेश लिहिण्याचा प्रसंग मात्र त्याच्यावर क्वचितच आलेला असतो. २०१६ साली यूपीआय सुरू झाले, तेव्हा तो बहुधा शाळेतच होता. यंत्राला सरावलेल्या या पिढीला व्यवहारही आपोआप उमगत असेल, असे प्रशिक्षक सहज गृहीत धरतात.

अमेरिकन लेखक मार्क प्रेन्स्की यांनी २००१ साली या पिढीला ‘डिजिटल नेटिव्ह’ हे नाव लोकप्रिय केले. आपली शिक्षणपद्धती या मुलांसाठी घडलेलीच नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे अनेकांनी त्याचा सोयीस्कर अर्थ लावला: व्याख्यानाची चित्रफीत केली की झाले! तथापि, एकाच वेळी अनेक गोष्टींकडे अवधान देण्याची काही वेगळी शक्ती या पिढीला लाभलेली नाही, हे किर्शनर आणि डी ब्रुकेर या अभ्यासकांनी २०१७ साली उपलब्ध संशोधनाच्या आधारे दाखवून दिले. कंटाळवाणे व्याख्यान पडद्यावरही कंटाळवाणेच राहते.

त्यापेक्षा वर्गात एक नमुना धनादेश द्यावा. तारीख चार महिन्यांपूर्वीची, अक्षरी रक्कम पंधरा हजार आणि अंकी १,५००. खातेदाराच्या खात्यात पुरेशी शिल्लक आहे. पैसे द्यावयाचे की नाही? मोबाईल वापरण्यास पूर्ण मुभा असावी.

शोध घेताना कोणाला धनादेशाची मुदत सहा महिने असल्याचे आढळेल, कोणाला तीन. दोन्ही उत्तरे पडद्यावर सारख्याच आत्मविश्वासाने झळकतात. १ एप्रिल २०१२ पासून मुदत तीन महिने झाली, हे शोधून काढणे हाच पहिला धडा. मग तारीख ताजी करून तोच धनादेश पुन्हा पुढे ठेवावा. आता खरी रंगत येते. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम ग्राह्य. उलट धनादेश परत करण्याच्या कारणांच्या यादीत हीच तफावत नोंदलेली! त्यातच कलम ३१ सांगते की, शिल्लक असताना रीतसर सादर झालेला धनादेश नाकारला, तर खातेदाराच्या नुकसानीची भरपाई बँकेने करावयाची. चूक कोणत्याही बाजूने झाली तरी ती ग्राहकाच्या पैशाला भोवते, हे उमगल्यावर मोबाईल आपोआप बाजूला पडतात आणि वाद सुरू होतो. प्रशिक्षकाने बोलावे ते येथे, त्यापूर्वी नाही.

दुसऱ्या दिवशी टिपण उघडण्यापूर्वीच सर्व मुद्दे आठवून लिहावयास सांगावेत. रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते. एरवी ‘कंटाळलेला’ म्हणून ज्याची तक्रार होते, तो तरुणही येथे हिरिरीने लिहू लागतो, कारण कालचा वाद त्याला जिंकावयाचा असतो.

आठवड्याने तिसरा धनादेश द्यावा. तारीख ताजी, दोन्ही रकमा जुळणाऱ्या. केवळ आदात्याच्या नावात खाडाखोड आणि शेजारी खातेदाराची पूर्ण सही. सीटीएस समाशोधनात तारखेखेरीज अन्य बदल सहीसह केलेलाही चालत नाही. ग्राहकाने अशा वेळी नवे पान वापरावे, हे त्याला काउंटरवर नम्रपणे कसे सांगावे, याचा सराव तेथूनच सुरू होतो.