खरे दावेदार कोण?

सोमवारी सकाळी महाविद्यालयाच्या उपाहारगृहात शिरले की एक वाद हमखास कानी पडतो. इंग्लंडमधील व्यावसायिक फुटबॉलच्या साखळी स्पर्धेत विजेतेपदाचे खरे दावेदार कोण? एक म्हणतो, गुणतक्ता पाहा. दुसरा म्हणतो, गुणतक्ता फसवा आहे. दुबळ्यांना हरवून मिळविलेले गुण ते, बलाढ्यांशी गाठ पडू दे. तिसरा जायबंदी खेळाडूंची यादी वाचून दाखवितो. जी शहरे कधी डोळ्यांनी पाहिली नाहीत, त्यांच्या संघांसाठी ही मुले चहा गार होईपर्यंत भांडतात. वडीलधारी मंडळी याला रिकामपणचा उद्योग म्हणतात. प्रस्तुत लेखकाला मात्र या वादात अर्थशास्त्राचा एक गंभीर प्रश्न दडलेला दिसतो.

शेजारचे दुकान बंद पडावे, असे प्रत्येक दुकानदाराला मनातून वाटते. खेळाच्या धंद्यात मात्र प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, तर आपलाच माल विकला जात नाही. सायमन रॉटनबर्ग या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने 1956 मध्ये बेसबॉलची चिकित्सा करताना निकालाच्या अनिश्चिततेचे महत्त्व दाखवून दिले. 1964 मध्ये वॉल्टर नील याने तोच विचार मुष्टियुद्धाच्या उदाहरणाने मांडला. जो लुई या विश्वविजेत्याला चांगली मिळकत हवी असेल, तर समोर मॅक्स श्मेलिंगसारखा तुल्यबळ मल्ल हवा. तात्पर्य, दावेदार किती आहेत, यावरच खेळाचे मोल ठरते.

या कसोटीवर इंग्लंडची प्रीमियर लीग कशी उतरते? 1992 साली ती सुरू झाली. तेव्हापासून 2025 पर्यंतच्या 33 हंगामांत विजेतेपद अवघ्या सात संघांकडे गेले. त्यांतही मँचेस्टरच्या दोन संघांनी मिळून 21 वेळा ते पटकाविले. कारण उघड आहे. वरच्या क्रमांकाचा संघ युरोपीय स्पर्धांत जातो, तेथे अधिक पैसा मिळवितो, त्या पैशातून अधिक चांगले खेळाडू घेतो आणि पुन्हा वर राहतो. पैशाकडे पैसा जातो, ही आपली म्हण तेथे चेंडूच्या मागोमाग धावते.

मग लेस्टरचे काय, असे कोणी विचारील. 2015 च्या एप्रिलच्या आरंभी हा संघ तळाशी होता. खालच्या श्रेणीत जाता जाता वाचला. पुढच्या हंगामाच्या प्रारंभी सट्टेवाल्यांनी त्याच्या विजेतेपदाचा भाव एकास पाच हजार असा लावला होता. हिवाळाभर जाणकार सांगत राहिले, हे काही खरे दावेदार नव्हेत, आता घसरतील. 6 फेब्रुवारी 2016 रोजी लेस्टरने मँचेस्टर सिटीला तिच्याच मैदानावर 3-1 असे हरविले, तेव्हा कोठे शंकेखोरांचा आवाज खाली आला. अखेर 81 गुण मिळवून हा संघ दुसऱ्या क्रमांकाच्या आर्सेनलहून दहा गुणांनी पुढे राहिला. परंतु पुढच्याच हंगामात प्रशिक्षक रानिएरी यांना निरोप मिळाला आणि 2023 मध्ये संघ खालच्या श्रेणीत गेला. अपवादाने नियमाला धक्का दिला. तो मोडला नाही.

अमेरिकेत फुटबॉल म्हणतात तो खेळ निराळा आणि त्याची व्यवस्थाही निराळी. तेथे नव्या खेळाडूंतून पहिली निवड करण्याचा मान सर्वांत मागे पडलेल्या संघाला मिळतो; ही पद्धत 1936 पासूनची आहे. राष्ट्रीय दूरचित्रवाणीचे उत्पन्न समान वाटले जाते आणि 1994 पासून वेतनखर्चाला कमाल मर्यादा आहे. भांडवलशाहीच्या या माहेरघरी खेळापुरता समाजवाद नांदतो! त्याच 33 हंगामांत तेथे 15 वेगवेगळे संघ विजेते ठरले. अर्थात तेथे संघ अधिक आहेत, आणि शेवटच्या बाद फेऱ्यांत दैवालाही वाव असतो. न्यू इंग्लंडच्या संघाने तर या सगळ्या मर्यादांत राहूनही सहा विजेतेपदे मिळविली. तरीही दावेदारांची संख्या नियमांनी वाढविता येते, एवढे यावरून दिसते. अमेरिकन व्यवस्थेची उणीव एवढीच की तेथे खालून वर येण्याची वाट नाही. इंग्लंडमध्ये ती आहे.

18 एप्रिल 2021 रोजी युरोपातील बारा धनाढ्य क्लबांनी स्वतंत्र सुपर लीगची घोषणा केली. वीस संघांपैकी पंधरांची जागा कायमची राखीव राहणार होती. दार बंद करण्याची अमेरिकन सोय त्यांना हवी होती. मागे पडलेल्याला हात देण्याची अमेरिकन रीत मात्र नको होती. दावेदार कोण, हे मैदानाऐवजी करारपत्र ठरविणार होते. चाहते रस्त्यावर उतरले आणि 20 एप्रिलला सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. चाहत्यांचा 'रिकामपणचा उद्योग' त्या दिवशी कोट्यवधींच्या योजनेला भारी पडला.

आपल्याकडे काय घडले? मिझोरामचा ऐझॉल हा संघ 2016 मध्ये आय-लीगमधून खाली ढकलला गेला होता. नियोजित पुनर्रचनेच्या निषेधार्थ गोव्यातील क्लब बाहेर पडले, म्हणून त्याला पुन्हा जागा मिळाली. 30 एप्रिल 2017 रोजी शिलाँगला बरोबरी साधून, मोहन बागानला एका गुणाने मागे टाकून, तोच राष्ट्रविजेता झाला! पण 2014 मध्ये सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगचे दार या पराक्रमाने उघडले नाही. त्याच वर्षी बंगळूर आणि जमशेदपूर निविदेच्या वाटेने आत गेले. गुणवत्तेवर बढतीची वाट 2023 मध्ये मोकळी झाली, ती पंजाबच्या संघासाठी. ऐझॉलच्या दृष्टीने तो उशीरच म्हणावयाचा.

म्हणून उपाहारगृहातील त्या मुलांना गप्प बसविण्याची घाई करू नये. खरे दावेदार कोण, हा वाद जोवर प्रामाणिकपणे घालता येतो, तोवर स्पर्धा जिवंत आहे असे समजावे. ज्या दिवशी उत्तर आधीच ठाऊक असेल, त्या दिवशी भांडण मिटेल आणि खेळही संपेल. परीक्षा असो, नोकरी असो वा बाजारपेठ, हे सूत्र फुटबॉलपुरतेच खरे आहे असे मात्र कोणी समजू नये.