गाण्यात शब्द दबतात? मिक्सिंग-मास्टरिंग असे समजून घ्या
देसाईगंज (वडसा) : दिवाळीनंतर झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. नाटकासारखी गाणी आता गावातली पोरं मोबाईलवर रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकतात. पण तबला-ऑर्गनखाली गायक दबतो, झाडीबोलीचे शब्दच कळत नाहीत.

गायक आणि वाद्ये वेगवेगळी रेकॉर्ड करा. मिक्सिंग म्हणजे प्रत्येकाचा आवाज जागेवर बसवणे. आधी गायक ठेवा, मग वाद्ये हळूहळू चढवा. रेकॉर्डिंगच्या वेळी मीटर लाल झाला की आवाज फाटतो, तो नंतर नीट दुरुस्त होत नाही.

मास्टरिंग म्हणजे तयार गाण्याची एकूण पातळी ठरवणे. सगळ्यात मोठा आवाज उणे १ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. उगाच मोठं केलं, तर यूट्यूब स्वतःच खाली आणतो.

शेवटी इअरफोन काढून मोबाईलच्या स्पीकरवर ऐका. शब्द कळले, तर गाणं जमलं.