राणीछाप रुपयाची माळ

• खानदेश १८१८ मध्ये ब्रिटिशांकडे गेला. १९०६ मध्ये पूर्व (आजचा जळगाव) आणि पश्चिम (आजचे धुळे व नंदुरबार) असे दोन जिल्हे झाले.

• चांदीचा रुपया १८३५ पासून एक तोळ्याचा (११.६६ ग्रॅम), चांदी ९१.७ टक्के. १९४० पासून ५० टक्के. १९४७ चा रुपया निकेलचा.

• खानदेशातील सातपुड्याच्या भिल्ल-पावरा स्त्रियांच्या गळ्यात हेच चांदीचे रुपये. नाण्याच्या कडेला डाख देऊन छोटी कडी जोडतात, मग माळ ओवतात. कडीमुळे नाणे शाबूत राहते. सन आणि छाप वाचता येतात.

• कच्छचे चांदीवरील नक्षीकाम याहून वेगळे: पत्र्यावर ठोकून उठवलेली वेलबुट्टी. भूजचे चांदी-कारागीर ओमरसी मावजी यांच्या वस्तूंवर ‘ओ. एम. भूज’ शिक्का.

• राणीछाप रुपयाची ओळख: १८७६ पर्यंत ‘व्हिक्टोरिया क्वीन’, १८७७ पासून ‘व्हिक्टोरिया एम्प्रेस’.