अस्तराचा हुकूम (लेखमाला : रक्ताच्या वाटा, भाग ७)

धमनीच्या भिंतीत स्नायू असतो आणि तो आवळला की रक्तदाब चढतो, हे मागच्या भागात पाहिले. मग सैल होणेही त्याच स्नायूच्या मर्जीवर असेल, असे कोणालाही वाटेल. आतले, जेमतेम एका पेशीच्या जाडीचे अस्तर म्हणजे बहुतेकांच्या लेखी कोटाच्या अस्तरासारखे, नुसते गुळगुळीत. १९८० साली ब्रुकलिनमध्ये रॉबर्ट फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर असेटिलकोलीन घातले. अस्तर शाबूत असलेले तुकडे सैल पडले; अस्तर घासून काढलेले पडले नाहीत. घासताना स्नायूच दुखावला असेल, ही शंका रास्त होती. म्हणून त्यांनी अस्तर काढलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला समोरासमोर भिडवली, तेव्हा तीही सैलावली. म्हणजे स्नायू धड होता, त्याला निरोप मिळत नव्हता, आणि तो निरोप अस्तरातून झिरपणारा कुठलातरी पदार्थ होता.

हा पदार्थ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू, हे १९८७ पर्यंत स्पष्ट झाले. अस्तरातील पेशी तो आर्जिनिन या अमिनो आम्लापासून बनवतात. तो शेजारच्या स्नायूत शिरतो, तिथले कॅल्शियम उतरते आणि पीळ सुटतो. काही सेकंदांत विरणारा वायू कारभार काय चालवणार, असे कोणी म्हणेल. पण निरोप टिकून राहिला असता तर धमनी आवळायची वेळ आल्यावर पंचाईत झाली असती. याहून वजनदार आक्षेप असा की रक्तात असेटिलकोलीन मोकळे फिरतच नाही, तेव्हा हा प्रयोगशाळेतला खेळ ठरतो. त्याचे उत्तर दंडावर मिळते. रक्तदाब मोजायचा पट्टा पाच मिनिटे घट्ट आवळून सोडला की रक्ताचा लोंढा धावतो, त्याचे घर्षण अस्तराला जाणवते आणि धमनी रुंदावते. सोनोग्राफीत हे मोजता येते. धूम्रपान करणाऱ्यांत ती कमी रुंदावते. अगदी बारीक वाहिन्यांत मात्र नायट्रिक ऑक्साइड रोखला तरी सैलावणे पुरते थांबत नाही, हे कबूल केले पाहिजे. पण तिथेही अस्तरच दुसऱ्या मार्गाने, विजेच्या भारातील बदलातून, स्नायूला सैल करते.

उरतो नायट्रोग्लिसरीनचा मुद्दा. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायचे हे औषध अस्तर नसलेल्या धमनीलाही सैल करते. मग अस्तराचे महत्त्व ते काय? माझ्या मते हाच पुरावा अस्तराच्या बाजूचा आहे. हे औषध नायट्रिक ऑक्साइड परस्पर स्नायूत पोचवते, म्हणजे अस्तराच्या गैरहजेरीत त्याचेच काम करते. कन्हानच्या वाचकांना हे रसायन दुसऱ्या वाटेने जवळचे आहे. गोंडेगाव, इंदर, कामठी या कोळसा खाणींचा हा पट्टा, आणि नायट्रोग्लिसरीन हे डायनामाइटचे मूळ द्रव्य; त्यावर आधारलेल्या स्फोटकांना भारतात २००४ मध्ये मनाई झाली. ती बनवणाऱ्या पाश्चात्त्य कारखान्यांत कामगारांचे डोके सोमवारी हटकून ठणकायचे, कारण कातडीतून आणि श्वासातून शिरलेल्या द्रव्याने डोक्यातल्या वाहिन्या फुगत. मंगळवार-बुधवारपर्यंत शरीर सरावे, रविवारच्या सुटीत तो सराव मोडे आणि सोमवारी पुन्हा तेच. हृदयरोग्यांनाही नायट्रेटचा असाच सराव होतो. म्हणून छातीवर लावायची नायट्रेटची पट्टी डॉक्टर बहुधा रात्री काढून ठेवायला सांगतात.