केटी जिनीव्हा कॅनन : जीवन, धर्मसेवा आणि नीतिविचार

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील ख्रिस्ती ईशज्ञानात दोन नवे प्रवाह बलवत्तर झाले. वंशभेदाविरुद्धच्या संघर्षातून कृष्णवर्णीय ईशज्ञान उदयास आले आणि स्त्रीमुक्तीच्या चळवळीतून स्त्रीवादी ईशज्ञानाने आकार घेतला. पहिल्या प्रवाहाची धुरा प्रामुख्याने पुरुषांकडे होती, तर दुसऱ्याची श्वेतवर्णीय स्त्रियांकडे. त्यामुळे कृष्णवर्णीय स्त्रीचा अनुभव दोन्हीकडे अनुल्लेखितच राहिला. ही उणीव ज्या विदुषींनी भरून काढली, त्यांत केटी जिनीव्हा कॅनन यांचे स्थान अग्रभागी आहे. त्यांचे जीवनकार्य आणि नीतिशास्त्रातील योगदान यांचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जीवनपट

कॅनन यांचा जन्म ३ जानेवारी १९५० रोजी नॉर्थ कॅरोलिना राज्यातील कॅनापोलिस या गावी झाला. हे गाव कापडगिरणीभोवती वसलेले होते आणि तेथे वर्णविभक्त समाजव्यवस्था होती. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या वाट्याला बहुधा श्वेतवर्णीयांच्या घरची धुणीभांडी व स्वयंपाक हेच काम येई. गिरणीत यंत्रावर काम मिळालेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय स्त्रियांत कॅनन यांच्या आईचा समावेश होता.

बार्बर-स्कोशिया महाविद्यालयातून १९७१ मध्ये पदवी घेतल्यानंतर कॅनन यांनी अटलांटा येथील जॉन्सन सी. स्मिथ सेमिनरीत धर्मशिक्षण पूर्ण केले. १९७४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. युनायटेड प्रेसबिटेरियन चर्चमध्ये हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री होत. न्यूयॉर्कच्या युनियन थिऑलॉजिकल सेमिनरीत त्यांनी प्रथम जुन्या कराराच्या अभ्यासास आरंभ केला. परंतु पुढे त्या ख्रिस्ती नीतिशास्त्राकडे वळल्या. १९८३ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्या संस्थेतून ही पदवी मिळविणाऱ्याही त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री ठरल्या.

'वुमनिस्ट' संकल्पनेचा स्वीकार

'वुमनिस्ट' या संज्ञेची विस्तृत व्याख्या लेखिका ॲलिस वॉकर यांनी १९८३ मधील आपल्या निबंधसंग्रहात केली. कॅनन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात ती धर्मविचाराच्या क्षेत्रात आणली. वंश, लिंग आणि वर्ग या तिन्ही बाजूंनी होणारे दमन सुटे सुटे पाहिल्यास कृष्णवर्णीय स्त्रीची स्थिती कळत नाही, हे त्यामागील प्रमुख सूत्र होय. जॅकलिन ग्रँट व डेलोरेस विल्यम्स यांनीही हा विचार आपापल्या परीने विकसित केला. मात्र ही संज्ञा सर्वांना मान्य झाली असे नव्हे. वॉकर यांची व्याख्या ख्रिस्ती नीतिविचारास कितपत पोषक आहे, असा प्रश्न शेरिल सँडर्स यांनी १९८९ मध्ये उपस्थित केला आणि त्यावर झालेल्या चर्चेत कॅनन यांनी भाग घेतला.

नीतिशास्त्रातील योगदान

कॅनन यांचा 'ब्लॅक वुमनिस्ट एथिक्स' हा ग्रंथ १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्थापित नीतिशास्त्र एक गोष्ट गृहीत धरते, ती म्हणजे नैतिक कर्ता स्वतंत्र असून त्याच्यापुढे अनेक पर्याय खुले असतात. उद्योगशीलता, काटकसर, स्वावलंबन यांस सद्गुण मानण्यामागे श्रमाचे फळ श्रम करणाऱ्यास मिळेल हा विश्वास असतो. परंतु जिच्या पूर्वजांचे श्रमच दुसऱ्याच्या मालकीचे होते आणि जिला आजही अल्प वेतनावर राबावे लागते, तिला हे माप लावले तर ती सद्गुणहीन ठरते. दोष व्यवस्थेचा, ठपका मात्र तिच्यावर, असा हा अन्याय आहे. दुःखाच्या बाबतीतही तेच घडते. स्वेच्छेने पत्करलेले दुःख आणि लादले गेलेले दुःख यांस एकाच तागडीत तोलता येत नाही, असे कॅनन यांचे प्रतिपादन आहे.

मग या स्त्रियांची नीती शोधावयाची कोठे? तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत तिची नोंद नव्हती. म्हणून कॅनन यांनी कृष्णवर्णीय स्त्रियांचे साहित्य हे नीतिशास्त्राचे साधन मानले आणि झोरा नील हर्स्टन यांचे जीवन व लेखन अभ्यासास घेतले. अदृश्य प्रतिष्ठा, शांत शालीनता आणि गाजावाजा न करणारे धैर्य असे तीन सद्गुण त्यांनी त्यातून मांडले. प्रतिकूल परिस्थितीत माणूसपण टिकविणे हीच येथे नीतीची कसोटी ठरते. हॉवर्ड थर्मन आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या विचारांतूनही त्यांनी या नीतीस आधार शोधला. हर्स्टन यांची निवड अर्थपूर्ण होती. विपुल लेखन करूनही १९६० मध्ये त्या दारिद्र्यात निवर्तल्या आणि त्यांच्या थडग्यावर खूणही नव्हती. १९७३ मध्ये वॉकर यांनी तेथे शिळा बसविली.

या साधननिवडीचे महत्त्व ईशज्ञानापुरते मर्यादित नाही. कोणते ग्रंथ प्रमाण मानावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न प्रत्येक ज्ञानशाखेस लागू आहे. १९९५ मधील निबंधसंग्रहास कॅनन यांनी 'केटीज कॅनन' असे नाव दिले. आडनाव आणि प्रमाणग्रंथवाचक इंग्रजी शब्द यांच्या उच्चारसाम्यावरील श्लेषातून हाच प्रश्न सूचित होतो.

अध्यापनकार्य

एपिस्कोपल डिव्हिनिटी स्कूल व टेंपल विद्यापीठ येथे अध्यापन केल्यानंतर कॅनन २००१ पासून रिचमंड येथील सेमिनरीत ख्रिस्ती नीतिशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या जीवनानुभवापासून आरंभ करून सिद्धान्तापर्यंत यावे, हा त्यांच्या अध्यापनाचा गाभा होता. २०१८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तेथे वुमनिस्ट नेतृत्वास वाहिलेले केंद्र सुरू झाले. त्याच वर्षी ८ ऑगस्ट रोजी त्यांचे निधन झाले.

समारोप

कॅनन यांनी वंचित स्त्रियांविषयी केवळ सहानुभूती व्यक्त केली नाही, तर त्यांना नीतीच्या कर्त्या म्हणून मान्यता मिळवून दिली. ज्यांचे जीवन प्रस्थापित मापात बसत नाही, त्यांच्या जीवनाऐवजी ते मापच तपासले पाहिजे, हा त्यांच्या विचाराचा इत्यर्थ होय. वर्गातील पाठ्यक्रम ठरविणाऱ्या प्रत्येक अध्यापकापुढे हा प्रश्न उभा आहे.